सहा कैदी आणि त्यांची माणसे

व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' १९५७ साली पडद्यावर आला आणि पुढल्याच वर्षी बर्लिनच्या महोत्सवात गौरविला गेला. कोल्हापूरकरांना त्याचा विशेष अभिमान वाटावा यात नवल नाही, शांतारामबापू इथलेच. चित्रपट थोर आहे. तरीही त्याच्याविषयी माझी एक तक्रार आहे, आणि ती दिवाळीच्या दिवसांत अधिकच जाणवते. या सहा कैद्यांची घरे कुठे आहेत?

कथा वाचकांना ठाऊक आहेच. आदिनाथ हा तरुण जेलर सहा खुनी कैद्यांना उजाड माळावर नेतो आणि त्यांच्याकडून शेती पिकवून घेतो. तिथे त्यांना अडवायला भिंत नाही. अडवतात ते आदिनाथचे दोन डोळे. कल्पना भव्य खरी, आणि वसंत देसाईंच्या संगीताने तिला आणखी उंची आली. पण तिच्यापायी कैद्याचे सारे नाते एका अधिकाऱ्याशी जडते. शंकर पहिलवानाची म्हातारी आई आणि मुले माळावर येतात, तेव्हा चित्रपटाला एकदम घराचा वास येतो. बाकीच्यांच्या बायकापोरांची मात्र पटकथा फारशी विचारपूस करीत नाही.

ज्या प्रयोगावरून ही कथा सुचली, तो याबाबतीत अधिक शहाणा होता. औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुल्या कैद्यांची वसाहत निघाली. कल्पना मॉरिस फ्रिडमन यांची आणि पाठबळ राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधींचे. तिथे कैद्याला बायकामुलांसह संसार थाटता येतो. माणसाला धरून ठेवायचे तर चुलीशी बांधावे, हा त्यातला साधा हिशेब. कथालेखक ग. दि. माडगूळकर तर त्याच मुलखातले! मग ही चूल पडद्यावर एवढी मंद का राहिली?

हा हट्ट मी धरतो, कारण भिंतीबाहेरच्या माणसांची शिक्षा कोणत्याच निकालपत्रात लिहिलेली नसते. सावंतवाडीकडच्या एखाद्या आईला कळंब्याच्या कारागृहात मुलाला भेटायचे असेल, तर घाट चढून यायचे, म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली आणि एस. टी.चे जाण्यायेण्याचे भाडे गेले. सोबत धाकटी सून असली तर ते दुप्पट. मग ओळखपत्र दाखवा, नाव नोंदवा, नंबर येईपर्यंत बसा. भेट मिनिटांची, तीही मध्ये आडोसा ठेवून. घरी उरलेल्या पैशातून मुलाला मनीऑर्डर करायची, कारण आतल्या कँटीनलाही पैसे लागतात. काही वर्षे अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू कळंब्याचे कैदी वळत. त्यांच्या हातचा लाडू साऱ्या गावाने खाल्ला. आईच्या हातचा लाडू मात्र फाटकाशीच अडतो.

२०२० च्या साथीत भेटी बंद झाल्या, तेव्हा पडद्यावरून बोलण्याची सोय झाली. ती चांगलीच झाली, भाडे वाचले. पण ज्या घरात तसला फोन नाही किंवा गावात रेंज नाही, त्या घरच्या म्हातारीने कुणाच्या ओसरीवर जाऊन, चार लोकांच्या देखत मुलाशी बोलावे? शिवाय पडद्यावर डोळेच तेवढे दिसतात. राज्यातल्या कारागृहांतून 'गळाभेट' नावाचा उपक्रम होतो, त्यात शिक्षा भोगणाऱ्या बापाला आपले मूल मांडीवर घेता येते. ती कल्पना ज्या कुणाला सुचली, त्याला शांतारामबापूंहून कैदी अधिक कळला होता, असे मी धीटपणे म्हणेन.

शेवटची बैलाची झुंज प्रेक्षक अजून श्वास रोखून पाहतात. तिच्या चित्रीकरणात शांतारामबापूंच्या डोळ्यांना खरोखरीच इजा झाली होती. त्या धाडसाला नमस्कार. पण ती झुंज थोडी आखूड झाली असती तरी चालले असते. त्या वेळात मला शंकरची आई आणखी थोडी पाहायची होती: नातवंडांचा हात धरून, फडक्यात भाकरी बांधून, वाटेत चारदा पत्ता विचारीत येणारी.