तक्रारीचे व्याकरण : गिरणगाव ते बोईसर

मराठीतील कामगारसाहित्याविषयी आजवर जे विवेचन झाले आहे त्यात एक गृहीत सहसा तपासले गेलेले नाही. कामगाराच्या वाट्याला आलेल्या अन्यायाचा आविष्कार म्हणजे संघर्षाचा आविष्कार, आणि संघर्षाचा परमोच्च बिंदू म्हणजे संप, हे ते गृहीत होय. नारायण सुर्वे यांच्या ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) व ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) ह्या संग्रहांपासून जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) ह्या नाटकापर्यंतच्या कृतींचे वाचन बव्हंशी ह्याच उजेडात झाले. परिणामी जेथे संप नाही, मोर्चा नाही, तेथे आशयच नाही, असा समज समीक्षेत नकळत रुजला. ह्या समजाची तपासणी प्रस्तुत लेखात पालघर आणि बोईसर-तारापूर ह्या प्रदेशाच्या संदर्भात करावयाची आहे.

ह्या प्रदेशाचे मराठी साहित्याशी नाते जुने आहे. गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) ह्याच मातीतले. तलासरी, डहाणू, उंबरगाव ह्या भागांतील वारल्यांनी १९४५ पासून वेठबिगारीविरुद्ध दिलेल्या लढ्याची ती हकीकत आहे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवरा-बायको दोघांनाही सावकाराच्या दारी राबवून घेणारी लग्नगडी पद्धत, पाचशे पौंड गवताच्या कापणीला अडीच रुपये ही मागणी, त्यासाठी झालेला गोळीबार, हा सारा तपशील त्या पुस्तकाभोवती उभा आहे. साहित्य अकादमीने १९७२ साली त्याचा गौरव केला. ह्या पुस्तकाकडे चळवळीचा दस्तऐवज म्हणून पाहिले गेले. त्याच्या वाक्यरचनेकडे मात्र फारसे पाहिले गेले नाही. त्या निवेदनात अन्यायाला कर्ता असतो. जमीनदार मारतो, सावकार राबवतो, कारभारी हाकून नेतो. क्रियापद सकर्मक, कर्ता ठसठशीत, आणि कर्म म्हणजे वारल्याचा देह. पुस्तकाच्या शीर्षकातच जे जागे होणे आहे ते व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर कर्माने कर्ता होणे आहे.

आता त्याच जिल्ह्यातील (पालघर हा स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला) तारापूर औद्योगिक वसाहतीतील बोलणे ऐकावे. मी ह्या परिसरातील महाविद्यालयांतून बरीच वर्षे अध्यापन केले आहे. वर्गातील कित्येक मुले रात्रपाळी करून येतात, कित्येकांचे आईवडील ठेकेदाराकडे कामाला असतात. त्यांच्या बोलण्यातली वाक्ये अशी असतात : ‘पगार झाला नाही.’ ‘ब्रेक लागला.’ ‘काम सुटलं.’ ‘गॅस लागला.’ ‘मशीनमध्ये बोट गेलं.’ ह्या वाक्यांना कर्ता नाही असे म्हणता येणार नाही; व्याकरणाच्या दृष्टीने कर्ता आहे, पण तो पगार आहे, काम आहे, बोट आहे. पगार न ‘देणारा’ कोणी नाही. पाऊस झाला नाही तसा पगार झाला नाही. बोट ‘गेले’, जणू ते स्वतःच्या पायांनी गेले. ही सारी अकर्मक क्रियापदे आहेत. परुळेकरांच्या पुस्तकातील सकर्मकाकडून बोईसरच्या ह्या अकर्मकाकडे झालेला प्रवास हा माझ्या मते गेल्या पाऊणशे वर्षांतील श्रमव्यवहाराच्या बदलाचा सर्वांत विश्वसनीय भाषिक पुरावा आहे.

ह्या अकर्मकाला ‘जाणिवेचा अभाव’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आपल्या मार्क्सवादी समीक्षेने ते अनेकदा केले आहे. परंतु मालक कोण, ह्या प्रश्नाचे उत्तर येथे खरोखरच संदिग्ध आहे. कंपनीच्या दारात काम करणारा माणूस कंपनीच्या हजेरीपटावर नसतो. तो ठेकेदाराचा, ठेकेदार पुष्कळदा दुसऱ्या ठेकेदाराचा. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने ह्यावर एक तोड काढली होती : वेतन देण्याची जबाबदारी ठेकेदाराची, त्याने चुकविली तर मूळ मालकाची. म्हणजे कायद्यालासुद्धा एका क्रियापदासाठी दोन कर्ते कल्पावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने ३० ऑगस्ट २००१ च्या, भारतीय पोलाद प्राधिकरणासंबंधीच्या निकालात असे ठरविले की कंत्राटी पद्धत बंद झाली म्हणून कामगार आपोआप मूळ मालकाचा होत नाही. मात्र कंत्राट हा निव्वळ कागदी देखावा असल्याचे सिद्ध झाले तर तो मूळ मालकाचाच ठरतो. हा निकाल साहित्याच्या अभ्यासकांनी अवश्य वाचावा. संहितेत लिहिलेल्या कर्त्यामागे खरा कर्ता कोण हे शोधण्याचे काम तेथे न्यायाधीश करीत आहेत. आपण वर्गात निवेदकाविषयी जे बोलतो त्याहून ते फार वेगळे नाही. पुढे २०२० च्या संहितेने, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, १९७० च्या कायद्याची जागा घेतली आणि मूळ कायद्यातील वीस कामगारांची मर्यादा पन्नासवर नेली. एकोणपन्नास माणसांची टोळी ह्या तरतुदींच्या बाहेरच राहते.

‘ब्रेक’ ह्या शब्दाचेही असेच. वर्षात २४० दिवस काम भरले की १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार सलग सेवा गणली जाई, आणि तसे झाले की कामगाराला नोटीस व भरपाई दिल्याशिवाय कमी करता येत नसे. म्हणून दिवस भरण्यापूर्वीच त्याला काही काळ घरी बसविण्याची रीत पडली. त्या घरी बसविण्याला औद्योगिक वसाहतींच्या बोलीत ‘ब्रेक’ म्हणतात. मराठी कथेला ह्या शब्दात केवढे द्रव्य आहे! काळाचा असा एकक, जो माणसाने नव्हे तर कायद्याच्या पळवाटेने ठरविला आहे. ई. पी. थॉम्पसन यांनी १९६७ सालच्या आपल्या निबंधात घड्याळ आणि कारखान्याची शिस्त यांचा संबंध दाखविला. पण त्यांच्या घड्याळात काटे निदान पुढे सरकतात. येथे ते २४० च्या अलीकडे येऊन पुन्हा शून्यावर जातात. (हे लिहिणाऱ्याने स्वतः एका महाविद्यालयात काही वर्षे ‘घड्याळी तासिका तत्त्वावर’ शिकविले आहे. मे महिना आला की आमचेही काटे शून्यावर जात. मानधन ‘झाले’ का, असे आम्ही एकमेकांना विचारीत असू. आमच्याही तोंडी तेच अकर्मक होते, आणि आम्ही तर व्याकरणच शिकवीत होतो.)

गिरणगावच्या साहित्याला काळाची ही अडचण नव्हती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या, सुमारे अडीच लाख कामगारांच्या संपाने त्या साहित्याला एक निश्चित ‘आधी’ आणि ‘नंतर’ दिला. ‘अधांतर’चे श्रेय असे की त्याने संप रंगमंचाबाहेर ठेवला आणि धुरू कुटुंबाच्या खोलीत त्याचे पडसाद ऐकविले, रोजची कुरबुर, टोमणे, नुसते बसून राहणे यांना प्रथमच नाट्यमूल्य दिले. तरीही त्या कुरबुरीमागे संपाची भिंत आहे, प्रेक्षकाला ती दिसते, म्हणून कुरबूर अर्थपूर्ण वाटते. बोईसरच्या कुरबुरीमागे अशी भिंत नाही. भाऊ पाध्ये यांनी घर शोधण्याच्या फरपटीवरच्या आपल्या कादंबरीला ‘वैतागवाडी’ हे नाव दिले, तेव्हा वैताग ही स्वतंत्र भावावस्था असू शकते, तिला शोकाची किंवा क्रोधाची पायरी होण्याची गरज नाही, हे त्यांनी ओळखले होते. ह्या सूत्राचा धागा पुढे कामाच्या जागेपर्यंत कोणी नेला नाही.

लुकाचने १९३६ साली कथन आणि वर्णन असा भेद केला : सहभागी असणारा कथन करतो, नुसता पाहणारा वर्णन करतो, आणि वर्णनाने सर्व गोष्टी एका पातळीवर येतात. ह्या भेदाचा वापर करून बोईसरच्या अनुभवाला ‘वर्णनात्मक’ ठरविता येईल. पण येथे सहभागी माणूसच वर्णन करतो. हातमोजे नाहीत, कँटीनचा डबा उतरलेला, ओव्हरटाइम साध्या दराने, भविष्यनिर्वाह निधी कापला पण खात्यावर दिसत नाही : ही यादी एकाच पातळीवर आहे, कारण ती भोगणाऱ्यालाही कोणती बाब मोठी हे ठरविण्याची मुभा नाही. मोठी बाब ठरते ती अपघाताने. ११ जानेवारी २०२० रोजी तारापूरच्या एका रसायन कारखान्यात स्फोट होऊन माणसे दगावली, तेव्हा वसाहतीचे नाव चार दिवस वृत्तपत्रांत आले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यमापनात ही वसाहत ९३.६९ ह्या निर्देशांकासह देशात सर्वांत वर होती. त्या हवेत रोज आठ-बारा तास श्वास घेणे ही मात्र बातमी नव्हे.

जे थोडे कथालेखन ह्या विषयावर दिवाळी अंकांतून होते ते बहुतेक एक सोयीचा मार्ग पत्करते : ठेकेदाराला खलनायक करते. त्याला सोन्याची साखळी, पांढरी गाडी, तोंडात तंबाखू. सावकाराचा रिकामा झालेला साचा त्याच्या अंगावर चढविला जातो. ह्यात मला केवळ कलात्मक आळस दिसत नाही. वास्तवाचा विपर्यास दिसतो. छोटा ठेकेदार अनेकदा कामगाराच्याच गावचा असतो, त्याचेही बिल वर अडलेले असते. कर्ता हवा म्हणून जवळच्या माणसाला कर्ता केले की दूरचा कर्ता सुटतो. आजच्या कथेने अकर्मक क्रियापद सहन करायला शिकले पाहिजे असे मला वाटते. ते शिकण्यापूर्वी सकर्मकाकडे धावणे म्हणजे १९४५ ची उसनवारी.

एका विद्यार्थ्याने वडिलांसाठी लिहिलेला अर्ज मला तपासायला आणून दिला होता. विषय : थकलेल्या दोन महिन्यांच्या पगाराबाबत. मजकूर शालेय पुस्तकातल्यासारखा, ‘वरील विषयास अनुसरून’ पासून ‘ही नम्र विनंती’ पर्यंत निर्दोष. ‘प्रति’ च्या खाली मात्र तीन नावे लिहून खोडलेली होती : ठेकेदार, कंपनीचे व्यवस्थापक, कामगार अधिकारी. ह्या खोडाखोडीइतके नेमके लेखन ह्या विषयावर मी छापील मराठीत अद्याप वाचलेले नाही. मी त्याला तिघांनाही प्रती देण्यास सांगितले. वडिलांनी अर्ज दिला नाही. पुढच्या महिन्यात ‘ब्रेक’ लागू नये म्हणून.

एक मुद्दा राहतो आणि तो अडचणीचा आहे. गिरणीकामगार मोठ्या संख्येने कोकण आणि घाटावरचा होता. त्याची तक्रार मराठीत होती, म्हणून कामगारसाहित्य ‘मराठी’ होऊ शकले. बोईसरच्या खोल्यांतून राहणारा माणूस बऱ्याचदा उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून आलेला असतो. जव्हार-विक्रमगडकडून येणारी वारली पोरे घरी वारली, पाळीवर हिंदी आणि अर्जात मराठी वापरतात. ‘पगार नहीं हुआ’ हे वाक्य ती तितक्याच सहजतेने बोलतात, आणि त्यातही क्रियापद ‘होणे’ हेच आहे. मराठी लेखकाने हे वाक्य मराठीत आणावे, की हिंदीतच ठेवावे, की ते कोणत्याच एका भाषेचे नाही हे मान्य करून त्यासाठी निराळी निवेदनपद्धती शोधावी, ह्याचे उत्तर सुर्व्यांच्या कवितेतून मिळण्यासारखे नाही. परुळेकरांच्या पुस्तकात कदाचित मिळेल. वारल्यांची भाषा त्यांची स्वतःची नव्हती, ती त्यांना लढ्यात उतरून शिकावी लागली होती, आणि हे पुस्तक त्या अनुभवातून गेलेल्या लेखिकेचे आहे. त्या दृष्टीने त्याचे पुनर्वाचन व्हावयाचे आहे.