'शून्यातून' की 'काही नसताना'?

फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाची भाषिक थोरवी मराठी समीक्षेने मुक्तकंठाने गायिली आहे. शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली तो देवनागरीत आणल्यापासून तर अधिकच. त्यातील ईशज्ञानाची चिकित्सा मात्र त्या मानाने थोडी झाली. आम्ही येथे एकाच प्रश्नापुरते बोलणार आहोत. देवाने विश्व निर्मिले, या विधानाला मराठीत नेमका अर्थ कोणता येतो?

फादरांपुढील अडचण लहान नव्हती. 'सृष्टी' या शब्दाचा धातूच मुळी 'सृज्', म्हणजे सोडणे, बाहेर टाकणे. मुंडक उपनिषदातील कोळी आपल्यातूनच तंतू काढतो. तंतू कोळ्याच्याच द्रव्याचा असतो. उलट आमच्या वऱ्हाडात रुजलेल्या महानुभाव पंथाच्या मते जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चारही पदार्थ अनादी व परस्परांहून स्वतंत्र. ख्रिस्ती श्रद्धा या दोहोंत बसत नाही. फादरांनी 'परमेश्वर' घेतला, 'वैकुंठ'ही घेतले आणि उरलेला भार कथेवर सोपवला. कवी म्हणून तो निर्णय अचूक होता. पण कथेला आरंभ लागतो, आणि आरंभ सांगितला की ऐकणाऱ्याला वाटते, काम तेथेच आटोपले. देव म्हणजे घर बांधून निघून गेलेला गवंडी. पुराण या वाङ्मयप्रकाराचीच ही मर्यादा आहे, आणि आमची धर्मशिकवणही बव्हंशी तिच्यातच अडकून राहिली.

त्यात भर 'शून्यातून निर्माण केले' या शब्दप्रयोगाची. वाशीमसारख्या जिल्ह्यात, जेथे बौद्ध बांधव आमच्या शेजारीच राहतात, तेथे तरी हा शब्द जपून वापरावा. बौद्ध विचारात काय किंवा नाथपंथात काय, 'शून्य' म्हणजे निव्वळ अभाव नव्हे. शिवाय 'शून्यातून' म्हटले की शून्य हाच कच्चा माल ठरतो, मातीतून मडके घडावे तसा! मक्काबी दुसऱ्या ग्रंथातील सात पुत्रांची माता अधिक नेमकी बोलते. देवाने हे सारे आधीच असलेल्या वस्तूंपासून केलेले नाही, एवढेच ती सांगते. 'काही नसताना' हे साधे मराठी त्याला पुरेसे आहे.

संत थॉमस अक्विनास यांनी तर आरंभाचा मुद्दाच बाजूला काढला. विश्वाला आरंभ आहे हे आपण श्रद्धेने मानतो, तर्काने ते सिद्ध होत नाही, असे त्यांचे मत. विश्व अनादी असते तरीही ते निर्मितच ठरले असते. कारण निर्मिती हे सृष्टीचे देवाशी असलेले नाते आहे. सूर्य मावळला की हवेतला उजेड उरत नाही. तसे देवाने धरून ठेवले नाही तर काहीच उरणार नाही. हे ध्यानात घेतले म्हणजे महानुभावांशी आमचा खरा मतभेद 'अनादी' या शब्दावर नसून 'स्वतंत्र' या शब्दावर आहे, हे उमगते. आमच्याच जिल्ह्यात, शिरपूरला, अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती आधाराविना अधांतरी आहे अशी जैन भाविकांची श्रद्धा आहे. जैन दर्शन जगाचा कर्ता मानीत नाही, याची जाणीव ठेवूनच आम्ही म्हणतो की अस्तित्वाची याहून बोलकी प्रतिमा आम्हांस सापडलेली नाही. फरक इतकाच, की आम्ही त्या मोकळ्या जागेत एक हात मानतो.

हा काही पंडितांचा शब्दच्छल नव्हे. २००६ साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत वाशीम होता. कर्जाच्या आकड्यापुढे स्वतःला वजा करू पाहणाऱ्या माणसाला, देवाने तुला केव्हातरी घडविले होते, हे सांगून काय उपयोग? तो या घटकेला आहे, म्हणजे या घटकेला कोणीतरी त्याचे असणे त्याला देत आहे, हे सांगता आले पाहिजे. त्यासाठी भूतकाळी क्रियापद अपुरे पडते. मक्काबींच्या त्या मातेनेही हे पाठशाळेत सांगितले नव्हते. सहा पुत्र डोळ्यांदेखत मारले गेल्यावर, उरलेल्या धाकट्याकडे झुकून, आपल्या मातृभाषेत ती हे बोलली.