खांब सरळ धरला कुणी?

अभियांत्रिकीतल्या पीएच.डी. प्रबंधावर कुणी समीक्षा लिहीत नाही. परीक्षकांचे अहवाल असतात, ते फायलीत जातात. वास्तविक हे प्रबंध मजकूर म्हणून वाचण्याजोगे असतात. फक्त वाचनाची सुरुवात समीकरणांपासून न करता ‘असे मानू की’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या वाक्यांपासून करावी. गणिताची चूक परीक्षकाला सापडते. मानलेल्या गोष्टीतली चूक मात्र कधीकधी पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या नजरेस येत नाही. थिओडोर फॉन कारमान यांनी गटिंगन विद्यापीठात प्रांटल यांच्या हाताखाली लिहिलेला आणि 1908 मध्ये पदवी मिळवून देणारा प्रबंध हे याचे मला माहीत असलेले सर्वांत बोलके उदाहरण.

विषय दिसायला साधा आहे. शाळकरी फूटपट्टी उभी धरून वरून दाबली, तर ती चिरडत नाही, एकदम बाजूला वाकते. बांधकामवाले याला बकलिंग म्हणतात. ऑयलर यांनी 1744 मध्ये या भाराचे सूत्र दिले. ते बारीक, लांब खांबांना चपखल लागू पडते. खांब आखूड आणि जाड असला, तर मात्र वाकण्याआधीच पोलाद आपला मूळ ताठरपणा गमावू लागते आणि सूत्र प्रत्यक्षाहून मोठा आकडा देते. हा धोका कागदावरचा नव्हता. 29 ऑगस्ट 1907 रोजी कॅनडातला क्वेबेकचा पूल बांधकाम चालू असतानाच कोसळला आणि 75 माणसे गेली. दाब सोसणारे खालचे सदस्य टिकले नव्हते. पोलादी खांब भाराखाली कसे वागतात याचे तेव्हाचे ज्ञान अपुरे होते, हे चौकशी आयोगानेही नोंदवले.

त्याआधी एंगेसर यांनी 1889 मध्ये सोपा उपाय सुचवला होता. ऑयलरच्या सूत्रात मूळ ताठरपणाऐवजी त्या ताणाला उरलेला, घटलेला ताठरपणा घालावा. यासिन्स्की यांनी 1895 मध्ये त्यावर आक्षेप घेतला. खांब वाकला की आतल्या बाजूवर दाब वाढतो, पण बाहेरच्या बाजूवरचा उतरतो, आणि दाब उतरताना पोलाद आपला मूळ ताठरपणा परत दाखवते. म्हणजे खांब एंगेसरच्या हिशेबापेक्षा बळकट निघाला पाहिजे. एंगेसर यांनी हे मान्य करून आपला सिद्धांत सुधारला. (चूक इतक्या सरळपणे कबूल करण्याची चाल तेव्हाच्या वादांत होती असे वाटते.)

कारमान यांनी या दुहेरी ताठरपणाचे गणित पूर्ण केले आणि पोलादाचे छोटे आयताकृती नमुने, भार अगदी मध्यातून जाईल अशी काळजी घेऊन, दाबून पाहिले. फरक किती पडतो? उरलेला ताठरपणा मूळच्या चौथा हिस्सा असेल, तर एंगेसरची पहिली रीत 0.25 धरते आणि कारमानचे सूत्र 0.44. प्रत्यक्ष भारांतला फरक इतका नसतो, कारण ताण वाढताच ताठरपणा झपाट्याने ढासळतो. तरी फरक राहतोच, आणि सूत्राची चूक बळकटीच्या बाजूला झाली तर ती पुलाखालच्या माणसांवर पडते.

प्रबंध म्हणून ही रचना मला आजही देखणी वाटते. सिद्धांत आणि चाचणी एकाच माणसाच्या हातून, एकमेकांना जाब विचारत पुढे जातात. म्हणूनच तो जवळजवळ चार दशके प्रमाण मानला गेला. दरम्यान काळजीपूर्वक केलेल्या चाचण्यांचे आकडे वारंवार एंगेसरच्या जुन्या, टाकून दिलेल्या उत्तराकडे झुकत होते. ‘नमुना जरा वाकडा असेल’ असे म्हणून लोक पुढे जात. हे स्पष्टीकरण खोटे नव्हते, पण आळशी होते.

1947 मध्ये शॅनली या अमेरिकी विमान-अभियंत्याने अगदी साधा प्रश्न विचारला. एंगेसरच्या भारापासून कारमानच्या भारापर्यंत खांब सरळ राहतो म्हणता, तर त्याला सरळ धरतो कोण? कारमान यांच्या मांडणीत खांब वाकत असताना भार स्थिर असल्याचे मानले होते. शॅनली यांनी दोन ताठ दांडे आणि मधे एक लहानसा नरम सांधा एवढ्याच प्रतिमानावर दाखवले, की भार वाढत असतानाच वाकणे सुरू होते आणि तसे झाले तर बाहेरच्या बाजूचा दाब सुरुवातीला उतरावाच लागत नाही. वाकणे एंगेसरच्या पहिल्या भाराला सुरू होते. कारमानचा भार ही वरची मर्यादा राहते, आणि खांब तिथवर पोहोचत नाही.

कारमान तेव्हा जगप्रसिद्ध होते. त्यांनी शॅनलींच्या लेखासोबतच टिपण छापून हा निष्कर्ष स्वीकारला आणि प्रश्नाची व्याख्याच नव्याने मांडली: वाकताना भार वाढवावा लागो वा न लागो, सरळ आणि वाकडी अशा दोन्ही स्थिती ज्या सर्वांत कमी भाराला शक्य होतात, तो भार शोधायचा. आपल्या तरुणपणीच्या प्रबंधाचे इतके नेमके परीक्षण दुसऱ्या कुणी केलेले मी वाचलेले नाही.

आज हे गणित संगणक करतो. त्याला पूर्ण सरळ खांब दिला, तर तो भार ओलांडूनही सरळच राहू शकतो. म्हणून संशोधक सुरुवातीलाच खांबाला किंचित बाक देतो, बहुधा लांबीच्या हजाराव्या भागाएवढा. अनेक प्रबंधांत हा आकडा एका ओळीत येतो आणि तोच का, हे लिहिलेले नसते. प्रबंध हाती आला की मी आधी ती ओळ शोधतो.