‘ओपन’ कोणाला?

‘ओपन’ हा शब्द आपल्या वस्तीत टेनिसमधून आला नाही. तो प्रवेशअर्जातून आणि नोकरीच्या जाहिरातीतून आला. तिथे ‘ओपन’ म्हणजे ज्याला आपली जात सांगावी लागत नाही तो. त्यामुळे महाराष्ट्राच्या नावाशी जोडलेला हा शब्द पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात वाचला, तेव्हा त्याचा हिशेब मागावा असे मनाशी ठरवूनच मी आत गेलो.

जागतिक दौऱ्यावरची ही व्यावसायिक स्पर्धा २०१८ साली चेन्नईहून पुण्यात आली. २०१९च्या जानेवारीत नाशिकहून एस.टी.ने जाऊन मी तिचा अंतिम सामना पाहिला. एवढी मोठी टेनिस स्पर्धा मी प्रथमच पाहत होतो. दक्षिण आफ्रिकेच्या केव्हिन अँडरसनने क्रोएशियाच्या इव्हो कार्लोविचला ७-६, ६-७, ७-६ असे हरवले. तिन्ही सेट टायब्रेकरवर गेले. कार्लोविचचे वय ३९, उंची सुमारे सात फूट. पडद्यावर सर्व्हिसचा वेग आकड्यांत कळतो. तिथे तो आवाजातून कळला.

माझे लक्ष मात्र एका साध्या नियमावर खिळले. पहिला, तिसरा, पाचवा असा विषम गेम संपला की खेळाडू बाजू बदलतात. टायब्रेकरमध्ये दर सहा गुणांनंतर बदलतात. हेतू हा, की ऊन आणि वारा एकाच्याच वाट्याला येऊ नयेत. वाऱ्याच्या झुळकेतला अन्याय ज्या खेळाला दिसतो, त्याला रेषेबाहेरचा अन्याय दिसतो काय? रॅकेट, प्रशिक्षक, कोर्टाचे भाडे, क्रमवारीचे गुण मिळवण्यासाठी देशोदेशीचा प्रवास, हे सारे ऊन जन्मभर एकाच बाजूच्या डोळ्यांवर असते. तिथे बाजू बदलत नाही. आपले क्रीडालेखन निकाल सांगते, हा प्रश्न विचारीत नाही.

खुद्द टेनिसनेही दार सहज उघडलेले नाही. १९६८पूर्वी विम्बल्डनसारख्या स्पर्धा हौशी खेळाडूंसाठी राखीव होत्या. खेळून पोट भरणाऱ्याला तिथे मज्जाव होता. श्रमाचा मोबदला घेणारा हलका आणि फुकट खेळणे परवडणारा सभ्य, ही उतरंड आपल्याला परकी नाही. १९६८ साली ती बंदी उठली, आणि ‘ओपन’ हे नाव त्या उठलेल्या बंदीचे आहे. त्याच वर्षीची पहिली अमेरिकन ओपन आर्थर अॅश या काळ्या खेळाडूने जिंकली. त्याच्या रिचमंड गावात गोऱ्यांची कोर्टे त्याला बंद होती. पण वडील काळ्यांसाठीच्या उद्यानाचे रखवालदार. घर उद्यानातच, आणि कोर्ट घरापाशी. प्रतिभा त्याची होती, पण तिला दाराशी कोर्ट मिळाले.

पुण्यालाही अशी एक आठवण आहे. चांभार समाजातले बाळू पालवणकर गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची निगा राखीत आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करीत. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. त्याच बाळूंना पुण्यातल्या सवर्ण सहकाऱ्यांनी चहा दिला तो पॅव्हिलियनबाहेर, वेगळ्या भांड्यात. मैदानात घेणे आणि बरोबरीने बसवणे या दोन गोष्टी आहेत.

काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी माझ्या गावात सुरू झाला. बंद दार काय असते हे नाशिककराला सांगावे लागत नाही. बालेवाडीच्या दारात मला जात कोणी विचारली नाही, तिकीट विचारले. हा बदल लहान नाही, आणि तो कोणी दान केलेला नाही. पण तिकिटाने गॅलरी मिळते, कोर्ट मिळत नाही.

२०२३नंतर ही स्पर्धा पुण्यातून गेली. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी सरकारी पैशातून उभारलेले संकुल मात्र जागेवर आहे. परदेशी खेळाडू आले याचा अभिमान पुरे झाला. वस्तीच्या शाळेमागे एक सपाट कोर्ट, एक भिंत, चार रॅकेट आणि पगारी शिक्षक, एवढी आमची मागणी आहे. ती पुरी होईपर्यंत ‘ओपन’ हा शब्द अर्धाच उघडला आहे, असे मी म्हणेन.