रज्जाकमधला अर्धा ज

नांदगाव खंडेश्वरकडच्या मतदारयाद्या, सातबारे, शाळांची दाखल-खारीज रजिस्टरं चाळली की मुसलमानांची नावं आखडून लिहिलेली दिसतात: शे. गफूर, मो. सलीम, अ. रजाक. आईबापांनी अकिक्याच्या दिवशी, बाळाचं जावळ काढून त्याच्या भारोभार चांदी दान करताना, पुरं नाव ठेवलेलं असतं: अब्दुल रज्जाक. हे एकच नाव सावकाश वाचून पाहू.

'अब्द' म्हणजे सेवक, बंदा. 'रज्जाक' हे अल्लाच्या नव्व्याण्णव नावांपैकी एक. रोजी-रोटी देणारा तो. म्हणजे हे नाव पोराचा मोठेपणा सांगत नाही, कुणाचं देणं तो खातो ते सांगतं. त्याला नुसतं 'अब्दुल' म्हटलं की उरतं '...चा सेवक'. कुणाचा, ते हाकेतून गळून जातं. आणि नुसतं 'रज्जाक' म्हटलं तर देवाचंच विशेषण माणसाला लागतं. म्हणून जाणती मंडळी दोन्ही शब्द सोडू देत नाहीत.

खरी गोडी मात्र त्या जोडाक्षरात आहे. अरबीत 'राजिक' म्हणजे देणारा. मधलं व्यंजन दुप्पट होऊन 'रज्जाक' झालं की अर्थ होतो पुन्हा पुन्हा देणारा, देत राहणारा. कपाशी-तुरीच्या या कोरडवाहू मुलखात मृगाचा पाऊस दगा देतो, दुबार पेरणी करावी लागते. इथल्या घरात हे नाव ठेवणं ही मला एका अक्षरात मावलेली प्रार्थना वाटते. गफ्फार, सत्तार यांची घडण हीच. सत्तार म्हणजे माणसाची उणीव वारंवार झाकणारा. याहून मायाळू नाव मला माहीत नाही. कारकुनानं 'सतार' लिहिलं की ते सगळं जातं.

मुलींच्या नावांत आकाश जास्त. सुरैया अरबी, परवीन फारसी. दोन्हींचा अर्थ एकच तारकापुंज, आपली कृत्तिका. नसीम म्हणजे झुळूक, शबनम म्हणजे दव. हल्ली ठेवतात ती इनाया म्हणजे जपणूक, काळजी.

ही अक्षरं परकी मानायचं कारण नाही. लोणी टाकळीला 1881 साली जन्मलेले, स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवणारे संत गुलाबराव महाराज आपलेच. त्यांच्या नावातला 'गुलाब' फारसीतला, गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी. मालोजी भोसल्यांनी नगरच्या शाह शरीफांच्या नावावरून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं परंपरा सांगते.

बाळासाठी नाव शोधणाऱ्यांच्या हाती आज नावापुढे एकेक अर्थ छापलेल्या याद्या असतात. त्या उपयोगी आहेत, पण 'रज्जाक: अन्नदाता' एवढं वाचून त्यातलं 'पुन्हा पुन्हा' कळत नाही. ते एखाद्या जाणत्या मौलवीला किंवा घरातल्या नानीला विचारावं.

आणि शाळेत नाव घालून घेणाऱ्या गुरुजींना एक विनंती. लिहिण्याआधी आईबापाला ते नाव एकदा मोठ्यानं म्हणायला सांगा. मग ते पुरं लिहा, जोडाक्षरासकट.