घरची बोली आणि गीतातील ‘मी’ : आयरिस डिमेंट यांची ‘इन्फेमस एंजल’

लोकगीताच्या वळणाने रचना करणाऱ्या गीतकाराविषयी लिहिताना समीक्षक ज्या विशेषणांचा आश्रय घेतात, त्यांत ‘सहज’ आणि ‘निर्व्याज’ ही दोन अग्रगण्य होत. ही विशेषणे स्तुतिपर असली तरी त्यांचा परिणाम असा होतो की, रचनेचे श्रेय रचनाकाराकडून काढून घेऊन ते त्याच्या स्वभावाला, संस्कारांना अथवा प्रदेशाला दिले जाते. रचनाकार स्त्री असेल आणि तिची बोली प्रमाणभाषेहून निराळी असेल, तर हा परिणाम अधिकच तीव्र होतो. अमेरिकन गायिका व गीतकर्त्री आयरिस डिमेंट यांच्या ‘इन्फेमस एंजल’ (१९९२) या पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे. वाखाणणी झाली ती प्रामुख्याने आवाजाची. गीतांची भाषिक घडण मात्र बव्हंशी अचर्चित राहिली. त्या घडणीचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ही ध्वनिमुद्रिका ‘राउंडर’ या कंपनीच्या ‘फिलो’ या शाखेने प्रसिद्ध केली. निर्माते होते जिम रूनी. तीत एकंदर ११ गीते असून त्यांपैकी ९ डिमेंट यांची स्वतःची आहेत; उरलेली दोन जुनी ख्रिस्ती भक्तिगीते होत. गिटार, फिडल, मँडोलिन, डोब्रो अशा वाद्यांचा मोजका मेळ गायनाच्या मागे राहतो, त्यावर कुरघोडी करीत नाही. त्या काळच्या कंट्री संगीताचा ओघ मात्र निराळ्या दिशेने वाहत होता. गार्थ ब्रुक्स यांची ‘रोपिन द विंड’ ही मुद्रिका १९९१ मध्ये ‘बिलबोर्ड’च्या सर्वसाधारण यादीत प्रवेश करतानाच प्रथम क्रमांकावर पोहोचली, कंट्री संगीताच्या इतिहासात असे प्रथमच घडले. १९९२ मध्ये बिली रे सायरस यांच्या ‘एकी ब्रेकी हार्ट’ या नाचगाण्याने तर नभोवाणी व्यापून टाकली. अशा वातावरणात या मुद्रिकेला नभोवाणीवर फारसे स्थान मिळणे शक्य नव्हते. १९९३ मध्ये वॉर्नर ब्रदर्स या मोठ्या कंपनीने तिचे पुनःप्रकाशन केले. पुढे ‘अवर टाउन’ हे गीत १९९५ मध्ये ‘नॉर्दर्न एक्स्पोझर’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या अखेरच्या भागात, तर ‘लेट द मिस्टरी बी’ हे २०१५ मध्ये ‘द लेफ्टओव्हर्स’ या मालिकेच्या दुसऱ्या पर्वाचे शीर्षकगीत म्हणून ऐकू आले. परंतु यामुळे परिचित झाली ती सुटी गीते. अनुक्रमाने रचलेली एक कृती म्हणून मुद्रिका उपेक्षितच राहिली.

बोलीचा प्रश्न प्रथम विचारात घेणे इष्ट होय. डिमेंट यांचा जन्म १९६१ मध्ये आर्कन्सॉ राज्याच्या ईशान्य भागातील पॅरागूल्ड येथे झाला. १४ भावंडांत त्या सर्वांत धाकट्या. त्या तीन वर्षांच्या असताना कुटुंब दक्षिण कॅलिफोर्नियात स्थलांतरित झाले. त्यामुळे ज्या बोलीत त्या गातात, ती त्यांच्या सभोवतालच्या गावाची बोली नव्हती. ती घराची, आईची आणि पेन्टेकोस्टल प्रार्थनामंदिराची बोली होती. स्थलांतरित कुटुंबात बोली प्रदेशापासून तुटते आणि नात्यांना जोडली जाते, या सामाजिक भाषाविज्ञानातील सुपरिचित प्रक्रियेचे हे एक बोलके उदाहरण आहे.

दक्षिणेकडील अमेरिकन इंग्रजीत ‘आइ’ हा संयुक्त स्वर पुष्कळदा दीर्घ ‘आ’कडे झुकतो, आणि उलटपक्षी काही साधे स्वर लांबून दोन अवयवांत विभागले जातात. डिमेंट यांच्या गायनात ही दोन्ही वैशिष्ट्ये स्पष्टपणे ऐकू येतात. येथे एक आक्षेप संभवतो. गायनातील उच्चार हे पुष्कळदा संकेताने स्वीकारलेले असतात. ब्रिटिश पॉप गायक अमेरिकन उच्चारांचे अनुकरण कसे करतात, हे पीटर ट्रडगिल यांनी १९८३ मध्ये दाखविले होते. कंट्री संगीतातही दक्षिणी उच्चार हा एक संकेतच आहे, आणि उत्तरेकडील गायकही तो पाळतात. मग डिमेंट यांचे उच्चार संकेतनिष्ठ नाहीत कशावरून? या आक्षेपाचे उत्तर स्वरांच्या लांबीत सापडते. संकेताने बोली वापरणारा गायक ती ओळखीच्या मोजक्या शब्दांवर उमटवून मोकळा होतो. डिमेंट यांच्या गायनात मात्र लांबलेला, दुभंगलेला स्वर हाच चालीचा घटक बनतो. स्वराच्या पहिल्या अवयवावर एक सूर आणि दुसऱ्यावर त्याच्या शेजारचा सूर पडतो. ज्याला श्रोता ‘आवाजातील कंप’ किंवा ‘हुंदका’ म्हणतो, तो बहुधा या विभाजनाच्या जागीच येतो. बोली येथे रंग भरण्यापुरती येत नाही. चालीची लय तिच्यावर उभी आहे.

‘लेट द मिस्टरी बी’ या पहिल्याच गीतात मरणोत्तर अवस्थेचा विषय आला आहे. त्याची मांडणी ध्यानात घेण्याजोगी आहे. कडव्यांतून निरनिराळ्या लोकांच्या समजुती अप्रत्यक्ष निवेदनाने एकामागून एक सांगितल्या जातात. त्या सांगणाऱ्यांची नावे नाहीत, त्यांच्याशी वाद नाही, त्यांचा उपहासही नाही. ध्रुवपदात निवेदिका प्रथमपुरुषी होते, आणि तिचा निर्णय असा की, गूढ हे गूढच राहू द्यावे. ज्या धर्मसंप्रदायात तारणाविषयीची निश्चिती हीच श्रद्धेची खूण मानली जाते, त्यात वाढलेल्या व्यक्तीने हे म्हणणे लहान गोष्ट नव्हे. परंतु ते म्हटले जाते एका उडत्या, घरगुती चालीवर, एकही तत्त्वज्ञानाचा शब्द न वापरता. आशयाचे गांभीर्य आणि शब्दांचा साधेपणा यांतील हे अंतर जाणीवपूर्वक राखलेले आहे.

‘अवर टाउन’ हे या मुद्रिकेतील सर्वश्रेष्ठ गीत होय. उतरणीला लागलेल्या एका लहान गावाचा निरोप हा त्याचा विषय. गावाचे नाव कोठेही येत नाही. त्याऐवजी स्थलदर्शक शब्दांची मालिका येते: रस्त्याच्या वरच्या अंगाला, तिकडे, इथे. प्रेम जेथे जुळले ते मद्यगृह, पहिली मोटार घेतली ती जागा, आईबाप पुरले ती जागा, अशी एकेक स्थळे बोटाने दाखविल्यासारखी दाखविली जातात. दर्शक शब्दाचा अर्थ बोलणारा कोठे उभा आहे हे ज्ञात असल्यावाचून पूर्ण होत नाही, हे व्याकरणाचे साधे तत्त्व आहे. त्यामुळे ही स्थळे समजून घ्यावयाची तर श्रोत्याला निवेदिकेच्या शेजारी जाऊन उभे राहावे लागते. नावाने जे साधले नसते ते दर्शकाने साधले आहे. प्रत्येक ध्रुवपदात सूर्य मावळत असतो. क्रिया चालू वर्तमानात, आठवणी भूतकाळात. शेवटी गाव संबोधित होते आणि ‘आमच्या’ गावाची जागा ‘माझे’ गाव घेते. सामूहिक सर्वनामापासून एकाकी सर्वनामापर्यंतचा हा प्रवास हाच गीताचा खरा कथाभाग आहे.

यापुढील गोष्ट समीक्षेच्या दृष्टीने निर्णायक ठरते. या गीतातील ‘मी’ चाळीस वर्षांपूर्वीची भेट आठवणारी वृद्धा आहे. गीत रचणारी स्त्री मात्र त्या वेळी पंचविशीत होती. गावही तिचे स्वतःचे नव्हे. प्रवासात दिसलेल्या एका ओस गावावरून ही रचना सुचली. म्हणजे ज्या गीताला हृदयातून आपोआप उमललेले आत्मकथन समजले गेले, ते वस्तुतः कल्पित निवेदिकेचे नाट्यात्म स्वगत आहे. दृष्टी अंधुक झाल्याचे सांगताना निवेदिका विशेषणाचा क्रियाविशेषणासारखा बोलीतील वापर करते. तो त्या पात्राच्या मुखी शोभतो आणि पात्रानुरूप निवडलेला आहे. ‘सहज’ हे विशेषण येथे अपुरे पडते, किंबहुना दिशाभूल करते.

शीर्षकगीतात ‘कुप्रसिद्ध देवदूत’ असा विरोधाभास योजून उधळ्या पुत्राच्या बायबलमधील कथेचे स्त्रीरूप साकारले आहे. भरकटलेल्या लेकीला घराची वाट मोकळी आहे, हा त्याचा गाभा. त्याच्या आधी येणारे ‘फिफ्टी माइल्स ऑफ एल्बो रूम’ हे हर्बर्ट बफम यांचे भक्तिगीत कार्टर कुटुंबाने १९४१ मध्ये मुद्रित केले होते. स्वर्गातील ऐसपैस जागेचे मैलांत केलेले त्याचे वर्णन दाटीवाटीच्या घरांत राहणाऱ्यांच्या जिव्हाळ्याचे आहे. पहिल्या गीतातील संशय आणि या गीतातील ठाम श्रद्धा एकाच कंठातून येतात. दोहोंपैकी कोणतीही खोटी वाटत नाही. श्रद्धा ओसरली तरी तिची भाषा माणसाला सोडून जात नाही, हे सत्य या शेजारातून सूचित होते.

मुद्रिकेचा शेवट विशेष विचारपूर्वक केलेला आहे. दहावे गीत ‘मामाज ऑप्री’. नॅशव्हिल येथील ‘ग्रँड ओल ऑप्री’च्या रंगमंचावर गाण्याचे स्वप्न उराशी बाळगणारी आई घरकाम करताना गाते आणि धाकटी मुलगी ऐकते, असा त्याचा विषय. त्यात एमिलू हॅरिस यांची साथ आहे. मुद्रिकेसाठी टिपण लिहिणारे ज्येष्ठ गीतकार जॉन प्राइन यांनी हे गीत ऐकताना आपल्याला अश्रू आवरले नाहीत, असे त्यात नमूद केले आहे. त्यानंतर लगेच अकरावे आणि अखेरचे गीत येते ते १८९८ मधील ‘हायर ग्राउंड’ हे भक्तिगीत. आणि ते गाण्यात पुढाकार आहे फ्लोरा मे डिमेंट यांचा, म्हणजे प्रत्यक्ष त्या आईचा. दहाव्या गीतात जी वर्ण्य व्यक्ती होती, ती अकराव्यात गाणारी होते. तृतीय पुरुष प्रथम पुरुष बनतो. जो मंच आईला मिळाला नाही, तो मुलीने आपल्या पहिल्या मुद्रिकेचा अखेरचा भाग रिकामा ठेवून तिला दिला. बोली कोणाकडून आली, या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने श्रोत्याच्या कानी प्रत्यक्षच पडते.

मुद्रिका निर्दोष आहे असे नाही. ‘हॉटर दॅन मोहावी इन माय हार्ट’ या प्रेमगीतातील वाळवंटाची उपमा शीर्षकातच खर्ची पडते. पुढे तिचा विकास होत नाही. ‘व्हेन लव्ह वॉज यंग’ या गीतातील स्मरणरंजन कंट्री संगीताच्या ठरीव चाकोरीतले आहे. ‘अवर टाउन’मधील नेमकी स्थळे त्यात नाहीत. वाद्यमेळाच्या समान पोतामुळे मधल्या भागात काहीशी एकसुरीपणाची जाणीवही होते. तथापि हे दोष उपेक्षेचे कारण ठरत नाहीत.

डिमेंट यांच्या पुढील वाटचालीवरून या मुद्रिकेविषयीच्या रूढ समजाची तपासणी करता येते. १९९४ च्या ‘माय लाइफ’नंतर १९९६ मध्ये त्यांनी ‘द वे आय शुड’मध्ये उघड राजकीय गीते रचली. २०१५ मध्ये ‘द ट्रॅकलेस वुड्स’ या मुद्रिकेत रशियन कवयित्री अ‍ॅना आख्मातोव्हा यांच्या कवितांच्या इंग्रजी भाषांतरांना त्यांनी चाली लावल्या, आणि त्याही त्याच आर्कन्सॉच्या स्वरांत गायिल्या. केवळ ‘निसर्गदत्त’ गायिकेकडून असे अनुवाद-कार्य अपेक्षित धरले जात नाही. ज्या रचनाकाराला पुरुष, काळ, दर्शक आणि स्वर यांचे सामर्थ्य पहिल्या मुद्रिकेपासून उमगले होते, त्याच्या बाबतीत मात्र त्यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

तात्पर्य, ‘इन्फेमस एंजल’मधील साधेपणा हा रचनेचा आरंभबिंदू नसून तिचे फलित आहे. घरच्या बोलीत गाणाऱ्या व्यक्तीलाही निवेदक कल्पिता येतो, पात्रानुरूप भाषा निवडता येते आणि गीतांच्या अनुक्रमातून अर्थ घडविता येतो, हे मान्य केल्यावाचून अशा कृतींचे मूल्यमापन न्याय्य होणार नाही. आवाजाची प्रशंसा करून गीताचे कर्तृत्व नाकारणारी समीक्षा ऐकते पुष्कळ, परंतु वाचत नाही.