सुराला जात नसते, कार्यक्रमपत्रिकेला असते

दसरा ते दिवाळी हा आपल्याकडच्या संगीत विद्यालयांचा खरा हंगाम. शाळा-कॉलेजांना सुटी असते, परीक्षा आटोपलेल्या असतात, आणि गावोगावच्या गायनवर्गांतून ‘पहाटे’ची तालीम सुरू होते. मी ज्या तालुक्याच्या गावी शिक्षकी करतो तेथेही असे एक विद्यालय आहे. गेली अनेक वर्षे मी त्याचे कार्यक्रम ऐकत आलो आहे. माझ्या वस्तीतली पाच-सहा मुले तेथे शिकतात. म्हणून या हंगामाकडे मी केवळ रसिक म्हणून पाहू शकत नाही. या हंगामात जे ‘समाजजीवन’ उभे राहते त्यात समाज म्हणजे नेमका कोण, हा माझा प्रश्न आहे.

प्रथम या कार्यक्रमांचे श्रेय मान्य करू. आपल्याकडे मैफली बहुतेक संध्याकाळी होतात. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद झाला, आणि रात्र जागवून भैरवीपर्यंत पोचणारी मैफल जवळजवळ संपली. अशा वेळी ललत, अहिरभैरव, तोडी हे राग त्यांच्या वेळेला सामान्य माणसाच्या कानावर पडतात ते दिवाळीच्या पहाटेलाच. लहान मुले पहाटे उठून तंबोऱ्याशी बसतात, आया फराळाची ताटे लावतात, वडील मंडळी सतरंज्या अंथरतात, परगावी नोकरीला गेलेले माजी विद्यार्थी घरी आलेले असतात तेही तबल्याला बसतात. ही गोष्ट सुंदर आहे. सौंदर्य नाकारणे म्हणजे विद्रोह नव्हे.

पण कार्यक्रमपत्रिका हातात घ्या. प्रारंभी सरस्वतीवंदना. नंतर गणेशस्तुती. मग अभंग, नाट्यपदे, भावगीते, शेवटी पसायदान. वर्षाचे वेळापत्रक पाहा. गुरुपौर्णिमा, गणेशोत्सव, नवरात्र, दसऱ्याचे वाद्यपूजन, दिवाळी पहाट, रामनवमी. या पंचांगात 14 एप्रिल नाही. 6 डिसेंबर नाही. आणि विजयादशमी आहे ती अर्धीच आहे. 1956 साली याच विजयादशमीला, 14 ऑक्टोबरला, नागपूरला लक्षावधी माणसांनी बाबासाहेबांबरोबर धम्मदीक्षा घेतली. त्यांच्या नातवंडांना त्याच दिवशी विद्यालयात पाटीवरच्या सरस्वतीला हात जोडायला सांगितले जाते. घरी बावीस प्रतिज्ञा, वर्गात वंदना. दहा वर्षांच्या मुलाने हे कसे पेलायचे याचा विचार कोणीही केलेला नसतो. तो मुद्दाम टाळला जातो असेही नाही. तो सुचतच नाही. प्रस्थापित संस्कृतीचे हेच लक्षण आहे, की तिला स्वतःचे वेगळेपण दिसत नाही. ती स्वतःलाच ‘सर्वांची संस्कृती’ समजते.

यावर एक ठरलेले उत्तर मिळते, ‘सुराला जात नसते.’ मला हे वाक्य मान्य आहे. षड्ज कोणाच्याही गळ्यातून लागला तरी षड्जच. परंतु सूर हवेत राहत नाही. तो संस्थेत राहतो. संस्थेला घटना असते, अभ्यासक्रम असतो, फी असते, आणि व्यासपीठावर कोणी बसायचे याचा अलिखित नियम असतो. जात तेथे असते.

या संस्थांचा इतिहास थोडा आठवला पाहिजे. पुण्यात 1874 साली गायन समाज स्थापन झाला. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि 1908 मध्ये ते मुंबईत आणले. पं. भातखंड्यांनी उस्तादांकडून, घराण्यांकडून चिजा मिळवल्या आणि ‘क्रमिक पुस्तकमालिके’त छापल्या. या माणसांचे कष्ट थोर होते. घराण्याच्या बंद दाराआड असलेली विद्या फी भरणाऱ्या कोणालाही मिळू लागली, हे मोठे काम होते. ज्याच्या घराण्यात गाणे नाही त्यालाही स्वरलिपी वाचून शिकता येते, ही गोष्ट लोकशाहीच्या बाजूची आहे. पण याच प्रक्रियेत गाणे ‘सभ्य’ करण्यात आले. मुसलमान उस्ताद आणि कलावंतिणी यांनी जी विद्या जिवंत ठेवली ती मध्यमवर्गीय हिंदू घराच्या दिवाणखान्यात आली. विद्या आत आली आणि तिचे जुने धनी दाराबाहेर राहिले. जानकी बखले यांनी 2005 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात पलुसकर आणि भातखंडे यांच्या निमित्ताने या घडामोडीची सविस्तर चिकित्सा केली आहे. आपल्या विद्यार्थ्यांनी तो ग्रंथ जरूर वाचावा. तालुक्याच्या विद्यालयातील आजची पत्रिका त्याच इतिहासाची लहान आवृत्ती आहे.

आता वाद्यपूजनाकडे येऊ. दसऱ्याला तबल्याला हळदकुंकू वाहतात. तबला म्हणजे काय? शेळीच्या कातड्याची पुडी, त्यावर चाट आणि लव, मधोमध शाई, कडेला गजरा, आणि सगळ्याला ताणून धरणारी चामड्याची वादी. मेलेल्या जनावराचे कातडे सोलणारा, कमावणारा, कापणारा हात कोणाचा हे महाराष्ट्रात सांगावे लागू नये. कातड्याला शिवणारा अस्पृश्य ठरला. तेच कातडे लाकडावर चढले की पूजनीय झाले! तंबोऱ्याचेही तसेच. पंढरपूरच्या परिसरातला भोपळा मिरजेला जातो आणि तेथील शिकलगार कारागीर त्याला तंबोऱ्याचे रूप देतात. शस्त्रांना धार लावणाऱ्या मुसलमान घराण्यांनी हा उद्योग उभा केला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, पण पहाटेच्या पत्रिकेत कारागिराचे नाव कधी छापले गेले? दक्षिणेत टी. एम. कृष्णा यांनी मृदंग घडवणाऱ्या दलित ख्रिस्ती कारागिरांवर पुस्तक लिहिले. 2020 साली त्याच्या प्रकाशनासाठी चेन्नईच्या कलाक्षेत्राने दिलेली जागा ऐनवेळी नाकारली. कातड्याचा उच्चार करताच सभ्य संगीताचा आवाज का बसतो, याचे उत्तर त्या एका प्रसंगात आहे.

आमच्या मुलांचा अनुभव आणखी बारीक आहे. त्यांना कोणी हाकलत नाही. त्यांचे कौतुकच होते. ‘तुमच्या रक्तातच ताल आहे,’ असे त्यांना सांगितले जाते आणि तबल्याकडे वळवले जाते. गाण्याला बसवताना मात्र त्यांचे उच्चार ‘सुधारायचे’ असतात. रक्तातला ताल ही स्तुती नव्हे. पाटलाच्या दारात हलगी वाजवायला लावणाऱ्या व्यवस्थेचेच तर्कशास्त्र येथे मऊ शब्दांत बोलते आहे. ताल रक्तात नसतो, रियाजात असतो. आमच्या मुलाने चार वर्षे घासून कायदा बसवला तर ते श्रेय त्याच्या जातीला का द्यायचे?

येथवर मी प्रस्थापितांची झडती घेतली. पण आपल्या घराकडे पाहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

आपल्याजवळ काय नव्हते? सत्यशोधक जलशांची परंपरा होती. त्यातून आंबेडकरी जलसा उभा राहिला. भीमराव कर्डकांसारख्यांनी तमाशाचाच साचा घेतला, गण-गवळणीचा अर्थ बदलला, आणि अक्षरओळख नसलेल्या माणसापर्यंत चळवळ नेली. अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांनी 1944 मध्ये लाल बावटा कलापथक उभारले. वामनदादा कर्डक 2004 साली गेले तोवर वस्ती-वस्तीतून गात फिरले. पेटी, ढोलकी आणि चार कोरसवाले घेऊन रात्रभर रंगणारे सवाल-जवाबाचे सामने माझ्या पिढीने ऐकले आहेत. प्रल्हाद शिंदे यांनी भीमगीतेही गायिली आणि विठ्ठलाची गाणीही. ज्यांच्या पूर्वजांना देवळाची पायरी चढू दिली नाही त्यांचा आवाज आज देवळाच्या कर्ण्यातून पहाटे घुमतो. बाबासाहेबांना स्वतःला आयुष्याच्या उत्तरार्धात व्हायोलिन शिकण्याची ओढ लागली होती. संगीत हे आपल्याला परके कधीच नव्हते.

मग या परंपरेचे विद्यालय कोठे आहे? वामनदादांच्या चालींची स्वरलिपी आपल्यापैकी किती जणांनी करून ठेवली? जयंतीच्या मिरवणुकीत डीजेची भिंत आली आणि गायनपार्टी रस्त्यावरून उठली. हे काम कोणा सवर्णाने केले नाही. आपल्याच मंडळांनी वर्गणी काढून केले. ज्या आवाजात शब्द ऐकूच येत नाही तो आवाज प्रबोधनाचा असू शकत नाही.

हलगीचा प्रश्नही प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. गावकीचे वाजवणे सोडणे ही मुक्ती होती, आणि ज्यांनी ते सोडले त्यांनी उपास सोसून सोडले. ते वाजवणे परत आणा असे मी म्हणणार नाही. पण सक्तीने बलुत्यासाठी वाजवलेली हलगी आणि स्वतःच्या इच्छेने, मानधन घेऊन, व्यासपीठाच्या मध्यभागी बसून वाजवलेली हलगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत वाद्य माणसाला बांधते. दुसरीत माणूस वाद्याला आपले म्हणतो. हलगीचे बोल, तिचे ठेके लिहून काढावेत, ते शिकवणारा मातंग वादक ‘गुरुजी’ म्हणून वर्गात यावा. तबल्याला अलंकारपर्यंत परीक्षा आहेत. हलगीला साधी प्रारंभिक तरी का नसावी?

तेव्हा वस्तीतल्या मुलांनी विद्यालय सोडावे का? मुळीच नाही. भूपाली आणि दुर्गा हे राग कोणाच्या बापजाद्यांनी कुलूपात ठेवण्यासाठी दिलेले नाहीत. मुलांनी ते शिकावेत, विशारद व्हावे, अलंकार व्हावे. पण पालकांनी आणि कार्यकर्त्यांनी व्यवस्थापनाकडे लेखी मागण्या कराव्यात. वंदना ऐच्छिक असावी आणि न गाणाऱ्या मुलाला उभे करून जाब विचारला जाऊ नये. दसऱ्याच्या कार्यक्रमात धम्मचक्र प्रवर्तन दिनाचे गीत असावे. वाद्यपूजनाच्या दिवशी पुडी चढवणाऱ्या कारागिराचा नावाने सत्कार व्हावा. 14 एप्रिल वार्षिक वेळापत्रकात यावा. या मागण्या नाकारल्या गेल्या तर ‘सुराला जात नसते’ हे वाक्य म्हणण्याचा अधिकार त्या संस्थेला राहणार नाही.

आणि मागणी करून आपण थांबू नये. प्रत्येक वस्तीत बुद्धविहार आहे. संध्याकाळी ते बहुधा रिकामे असते. एक पेटी, एक ढोलकी, शिकवणारा एक माणूस आणि वामनदादांच्या गाण्यांची एक वही, एवढ्यावर तेथे वर्ग सुरू होऊ शकतो. जयंतीची तालीम जानेवारीपासून करता येते. आपले पंचांग आपल्यालाच मांडावे लागेल. दुसऱ्याच्या पत्रिकेत एक ओळ मिळवणे हा हक्क आहे. स्वतःची पत्रिका छापणे ही जबाबदारी आहे.